जुन्या मोटारीची शक्ति वाढवितां येईल काय ?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्या दिवशीं वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी तास संपल्यावरही आमच्या मेजापाशीं घोंटाळत राहिला. तो मांजर्लीचा राहणारा. सुटींत गोव्यास मामांकडे गेला होता. मामांच्या पडवींत ताडपत्रीखालीं दोन माणसांची, उघड्या टपाची एक लहानशी मोटार कित्येक वर्षें उभी होती. ती मामांनीं पुन्हां चालू केली होती; परंतु चढावर ती धापा टाकूं लागे. "सर, या गाडीची शक्ति वाढवितां येईल का ? मामांनीं त्यासाठीं पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. मोठा सायलेन्सर बसवा म्हणजे गाडी पळेल, असें एकानें सांगितलें आहे," असें तो म्हणाला.

प्रश्न लहान दिसला, तरी त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नव्हतें. आम्हीं त्यास सांगितलें कीं, नाताळापर्यंत मामांना कांहींही विकत घेऊं देऊं नकोस. मध्यंतरीं आम्ही दोघांनीं मिळून जो हिशेब केला, तो इतर विद्यार्थ्यांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून या अंकांत देत आहों. पालकांनींही हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंति आहे. कारण शेवटचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे.

मामांची ती मोटार म्हणजे 'सॅन स्टॉर्म' होय. आमच्या बहुतेक वाचकांनीं हें नांव ऐकलें नसेल. 'सॅन मोटर्स' या कंपनीनें इ. स. १९९८ पासून ही गाडी गोव्यांत बांधली. तिचें अंग पत्र्याचें नसून काचतंतूंचें, म्हणजे बोलीभाषेंत फायबरचें आहे, आणि इंजिन फ्रान्स देशांतील रेनो कंपनीचें आहे. अशा गाड्या थोड्याच निघाल्या आणि आज त्या रस्त्यावर क्वचितच दृष्टीस पडतात. तरी आपल्या कोंकण किनाऱ्यावर खेळाची मोटार बांधण्याचा तो एक खरा प्रयत्न होता, हें विसरतां कामा नये.

आतां विद्यार्थ्यांनीं वही व पेन्सिल हातीं घ्यावी. या इंजिनास चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६९ मिलिमीटर असून त्यांत दट्ट्या, ज्यास कारागीर पिस्टन म्हणतात, ७६.८ मिलिमीटर खालीं-वर धांवतो. वृत्तचितीच्या घनफळाचें सूत्र तुम्हांस ठाऊक आहेच. त्रिज्या ३.४५ सेंटिमीटर व उंची ७.६८ सेंटिमीटर घेतली, म्हणजे एका सिलिंडरचें घनफळ सुमारे २८७ घन सेंटिमीटर आणि चारींचें मिळून १,१४९ घन सेंटिमीटर येतें. गाडीच्या कागदांवर जो '११४९ सी. सी.' असा आंकडा असतो, तो हाच. इंजिन दर मिनिटास ५,२५० फेरे करूं लागलें म्हणजे त्याची शक्ति सर्वांत अधिक, म्हणजे ६० अश्वशक्ति होते.

ही शक्ति येते कोठून ? पेट्रोलांतून, असें तुम्ही म्हणाल. तें खरें, पण तें अर्धेंच उत्तर आहे. चुलींत लांकडें कितीही कोंबलीं आणि फुंकणी घातली नाहीं, तर धूर होतो, जाळ होत नाहीं. तसेंच येथें आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिन ही हवा चार टप्प्यांच्या क्रमांत घेतें : आंत ओढणें, दाबणें, जाळणें व बाहेर टाकणें. या चार टप्प्यांस मुख्य दांड्याचे दोन फेरे लागतात. म्हणून ५,२५० फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर २,६२५ वेळां श्वास घेतो, आणि संपूर्ण इंजिन मिनिटास अधिकांत अधिक ३,०१६ लिटर हवा ओढूं शकतें.

परंतु पूर्ण घोट त्यास कधीं मिळत नाहीं. फिल्टरची जाळी, अरुंद नळ्या, वळणें आणि झडपांचीं तोंडें हीं सर्व हवेस अडवितात. शंभरांतील ऐंशी भाग हवा आंत गेली असें धरलें, तर ती सुमारे २,४०० लिटर होते. एका लिटर हवेचें वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून मिनिटास जवळजवळ २.९ किलोग्रॅम हवा आंत जाते. तीबरोबर जळूं शकेल असें पेट्रोल सुमारे २०० ग्रॅम. इतक्या पेट्रोलांत सुमारे ८,७०० किलोजूल उष्णता असते, म्हणजे सेकंदास १४५ किलोजूल. आणि ६० अश्वशक्ति म्हणजे सेकंदास ४४ किलोजूल. भागाकार केला कीं कळतें, शंभर भाग उष्णतेपैकीं सुमारे तीस भाग आपल्या कामीं येतात; उरलेले सत्तर रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून व घर्षणांत जातात. हा या इंजिनाचा दोष नव्हे. बहुतेक पेट्रोल इंजिनांची स्थिति अशीच असते.

या हिशेबाचें सार असें कीं, पेट्रोल वाढविणें सोपें आहे. कठीण आहे तें हवा वाढविणें. इंजिनाची शक्ति वाढविणें म्हणजे त्याचा श्वास मोठा करणें. हें एक तत्त्व ध्यानांत ठेवलें, म्हणजे बाजारांतील प्रत्येक उपायाची पारख तुमची तुम्हांस करतां येईल.

या इंजिनाचा श्वास नेमका कोठें अडतो, हेंही आंकड्यांवरूनच दिसतें. मुख्य दांड्यास पीळ देणारें जें बळ, त्यास टॉर्क म्हणतात. तो या इंजिनांत २,५०० फेऱ्यांवर सर्वांत अधिक, म्हणजे ९३ न्यूटन-मीटर असतो. ५,२५० फेऱ्यांवर जर ६० अश्वशक्तीच मिळते, तर तेथें टॉर्क सुमारे ८० न्यूटन-मीटरच उरला, असें गणितानें निघतें. तो ९३ वरच टिकता, तर शक्ति ६९ अश्वशक्तीच्या वर गेली असती. मधले तेरा गेले कोठें ? त्या वेगानें दांडा सेकंदास ८७ हून अधिक फेरे करतो. दट्ट्यास एकदां खालीं येण्यास सेकंदाचा १७५ वा भाग मिळतो. तेवढ्या वेळांत झडपेच्या लहानशा फटींतून हवेनें आंत शिरावयाचें असतें. घाईंत घोट अपुरा पडतो, हेंच त्याचें मुख्य कारण.

आतां 'इंजेक्शन' म्हणजे काय तें पाहूं. पूर्वींच्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. वाहत्या हवेच्या ओढीनें त्यांतून पेट्रोल आपोआप शोषिलें जाई, आणि कुशल कारागीर एका पेंचकसानें त्याचें प्रमाण बदलीत असे. इंजेक्शनच्या गाडींत पंप पेट्रोलास दाब देतो, आणि प्रत्येक सिलिंडरच्या वाटेवर बसविलेली एक बारीक तोटी ठराविक क्षणभर उघडून तें फवारते. तोटी किती वेळ उघडी ठेवावयाची, हें एक लहानशी विद्युत् पेटी ठरविते. गॅरेजांत तिला ई. सी. एम. म्हणतात, आम्ही तिला गाडीचा मेंदू म्हणूं. निरनिराळ्या सेन्सरांकडून तिला हवेचा दाब, हवेची उष्णता, पाण्याची उष्णता आणि दांड्याची गति समजते, आणि कारखान्यानें तिच्यांत भरून ठेवलेल्या कोष्टकांवरून ती उत्तर काढते. मेंदू कितीही हुशार असला, तरी सेन्सरानें खोटी बातमी दिली तर तो चुकीचेंच उत्तर काढणार. जुन्या इंजेक्शनच्या गाडीचें बहुतेक दुखणें येथेंच असतें.

म्हणून आमचा पहिला नियम असा कीं, नवी शक्ति विकत घेण्यापूर्वीं हरवलेली शक्ति शोधावी. वीस-पंचवीस वर्षें वापरलेलें किंवा नुसतें उभें राहिलेलें इंजिन साठांपैकीं किती अश्वशक्ति देतें, हें मोजल्यावांचून कोणासही सांगतां येणार नाहीं. हवेचा फिल्टर धुळीनें भरलेला असतो. प्लगांची टोंकें झिजलेलीं असतात. तोट्यांत जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसतो. पंपाचा दाब उतरतो. रबरी नळ्यांस भेगा पडून चोरवाटेनें हवा शिरते. सायलेन्सरच्या वाटेवरील जाळी काजळीनें तुंबते. आणि चाकांचे ब्रेक किंचित् धरून राहतात. यांतील एकेक दोष लहान असतो. पण सर्व मिळून गाडीचा जीव काढतात.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा दाबाची. प्लग काढून त्या भोकांत दाबमापक बसवितात, आणि स्टार्टरनें इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो तें पाहतात. नाताळच्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यानें मामांसह एका कारागिराकडून ही परीक्षा करविली, आणि आंकडे एका कागदावर लिहून आम्हांस आणून दाखविले. तीन सिलिंडरांत कांटा १२ च्या आसपास थांबला होता. तिसऱ्या सिलिंडरांत तो ८ वरच अडला. नंतर त्या सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजलें. तेलानें दाब वाढला असता, तर दट्ट्याभोंवतींच्या कड्या झिजल्या आहेत असें ठरलें असतें. कारण तेल कड्यांची फट बुजवितें. दाब वाढला नाहीं. तेव्हां दोष झडपेंत होता. हेड उतरविल्यावर धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची कड जळून खांच पडलेली दिसली.

आतां विचार करा. या स्थितींत मोठा सायलेन्सर बसविला असता तर काय झालें असतें ? आवाज वाढला असता, पैसे संपले असते, आणि गाडी तीन पायांवरच लंगडत राहिली असती. मामांनीं बाजूला काढलेले पैसे नवी झडप, हेडचा गॅस्केट, दांतेरी पट्टा, प्लग आणि तोट्यांची सफाई यांत गेले. परंतु ज्या चढावर गाडी पहिल्या गिअरांत रडत असे, तो चढ ती आतां दुसऱ्यांत चढते, असें मुलानें पत्रानें कळविलें. ही शक्ति नवी नव्हे. ती गाडीची स्वतःचीच होती.

येथवर आल्यावर पुढला प्रश्न येतो : निरोगी इंजिनाचा श्वास आणखी मोठा करतां येईल काय ? होय, थोडा करतां येईल. पहिला उपाय थंड हवेचा. हवा तापली कीं विरळ होते, हें तुम्ही शिकलां आहां. मे महिन्यांत बदलापुरास पारा ४० अंशांच्या वर जातो. बाहेर ४० अंश असतां इंजिनाच्या पेटाऱ्यांतील हवा ६० अंशांची असली, तर निरपेक्ष मापानें ३१३ व ३३३ असें तिचें प्रमाण पडतें. म्हणजे गरम हवा घेणारें इंजिन शंभरांतील सहा भाग श्वास फुकट घालवितें. म्हणून फिल्टरची नळी बाहेरील हवेपर्यंत नेणें हा स्वस्त व शहाणपणाचा उपाय होय. उघडा, चकचकीत फिल्टर तापलेल्या पेटाऱ्यांतच बसविणें हा मात्र उलटा उपाय ठरूं शकतो.

दुसरा उपाय धुराची वाट मोकळी करण्याचा. चार सिलिंडरांच्या नळ्या योग्य लांबीच्या करून जोडल्या, तर एकाचा जाणारा धूर दुसऱ्याचा धूर ओढून घेतो आणि त्या जागीं ताजी हवा येते. यानें कांहीं अश्वशक्ति वाढतात; परंतु वाढ होते ती नळ्यांच्या आकारामुळें, आवाजामुळें नव्हे. तिसरा उपाय झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, बदलण्याचा. त्यानें झडपा अधिक वेळ उघड्या राहून वरच्या वेगांत घोट मोठा होतो. पण खालच्या वेगांत इंजिन अडखळूं लागतें. स्टेशनाजवळच्या गर्दींत चालविण्याच्या गाडीस तो सौदा तोट्याचा आहे.

चौथा उपाय मेंदूंतील कोष्टकें बदलण्याचा. ठिणगी कांहीं अंश आधीं पाडली, तर शक्ति थोडी वाढूं शकते. परंतु फार आधीं पाडली, किंवा पेट्रोल हलकें असलें, तर दाबलेलें मिश्रण ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच एकदम भडकतें. त्या वेळीं हातोडीनें ठोकल्यासारखा आवाज येतो आणि दट्ट्यास भोंक पडण्याची वेळ येते. शिवाय इ. स. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवर शंभरांत वीस भाग इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. हें मिश्रण अशा अवेळीं भडकण्यास अधिक विरोध करतें, हा त्याचा गुण. परंतु इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर इंधन अधिक फवारावें लागतें. ज्या गाड्यांत धुरांतील प्राणवायु मोजणारा सेन्सर आहे, त्या हलक्या चालीवर ही चूक स्वतः सुधारतात. पण पेडल पूर्ण दाबल्यावर जुना मेंदू त्या सेन्सराचें ऐकत नाहीं, आणि मिश्रण कोरडें पडून उष्णता वाढूं शकते. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व तोट्या या नव्या पेट्रोलच्या दृष्टीनें तपासून घेणें अगत्याचें आहे.

शेवटचा व सर्वांत मोठा उपाय म्हणजे पंख्यानें हवा कोंबणें. या बाबतींत याच इंजिनाच्या घराण्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. रेनोनें पुढें तेवढ्याच, म्हणजे १,१४९ घन सेंटिमीटर मापाचें दुसरें इंजिन काढलें. त्यांत प्रत्येक सिलिंडरास दोनऐवजीं चार झडपा होत्या. शक्ति झाली ७५ अश्वशक्ति. पुढें इ. स. २००७ मध्यें तेवढ्याच मापाच्या इंजिनास धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, म्हणजे टर्बो, जोडला; शक्ति झाली १००. माप तेंच, ६०, ७५ आणि १०० हा फरक केवळ श्वासाचा! परंतु यावरून आपल्या साठांच्या इंजिनास कोणीही टर्बो बांधावा असा अर्थ निघत नाहीं. शंभरांचें तें इंजिन मुळांतच त्या दाबासाठीं आंखलेलें होतें. त्याच्या तोट्या, तेलाची वाट आणि मेंदूंतील कोष्टकें त्याच्याचसाठीं केलेलीं होतीं. मामांच्या गाडीची जळकी झडप कारखान्याच्या दाबासही टिकली नव्हती; तिच्यावर दीडपट दाब घातला असता तर काय झालें असतें, हें सांगावयास नको.

आणि इतकें करून वेग किती वाढतो ? वेगाबरोबर हवेचा विरोध वर्गाच्या प्रमाणांत आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत वाढते. शक्ति ६० वरून ७५ केली, म्हणजे सव्वापट, १.२५ चें घनमूळ सुमारे १.०८. म्हणजे जी गाडी ताशीं १३० किलोमीटर जात होती, ती १४० जाईल. पाऊणशें घोड्यांचा खर्च करून दहा किलोमीटर पदरांत पडले ! गाडी चटकन् वेग घेईल, हा लाभ खरा. पण गाडींतील अनावश्यक ओझें उतरवूनही तो थोडाबहुत मिळतो, आणि त्यास पैसा पडत नाहीं.

उलट थांबण्याचा हिशेब पाहा. ताशीं ४० ऐवजीं ८० किलोमीटर वेग असला, तर गाडींतील गतिज शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतरही सुमारे चौपट होतें. बदलापूर-काटई रस्त्यावर संध्याकाळीं सायकलस्वार, भाजीवाल्या बाया आणि शिकवणीहून परतणारीं मुलें चालत असतात. त्यांना तुमच्या इंजिनाची अश्वशक्ति दिसत नाहीं. त्यांना दिसतें तें फक्त जवळ येणारें वाहन. म्हणून इंजिनावर एक रुपया खर्च करण्यापूर्वीं ब्रेक व टायर यांवर तो करावा. ज्यास वेगाचीच हौस असेल, त्याच्यासाठीं कोइमतूर व चेन्नई येथें शर्यतींचे बंदिस्त मार्ग आहेत. सार्वजनिक रस्ता त्यासाठीं नाहीं.

पालकांस आमचें सांगणें दोन गोष्टींचें आहे. पहिली ही कीं, मोटार वाहन कायदा, १९८८, यांतील ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणींतील तपशील व कारखान्यानें ठरविलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्या भागाचें तें कार्यालय कल्याणास आहे. मंजुरीवांचून केलेला बदल अपघाताच्या वेळीं विम्याच्या आड येऊं शकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोटार चालविण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. इ. स. २०१९ मध्यें या कायद्यांत घातलेल्या १९९-क कलमाप्रमाणें, अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. मुलाच्या हौसेखातर किल्ली देणाऱ्या बापानें हें विसरूं नये. दंड भरतां येतो. गेलेला जीव परत आणतां येत नाहीं.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असा एक दृष्टांत प्रभूनें दिला आहे. आमच्या विद्यार्थ्यानें नकळत तेंच केलें. आधीं मोजमाप, मग दुरुस्ती, आणि मगच वाढ, असा क्रम त्यानें पाळला. मामांची गाडी आज साठच अश्वशक्तीची आहे; परंतु ते साठही घोडे आतां एका दिशेनें ओढतात. तो दाबाच्या आंकड्यांचा कागद त्यानें विज्ञानाच्या वहींत डकवून ठेवला आहे. ज्या विद्यार्थ्यांस तो पाहावयाचा असेल, त्यांनीं मधल्या सुटींत आमच्याकडे यावें.